कंपनीचं कुरियर खातं: पाठवणारे दहा, बिल एक

महिन्याच्या पाच तारखेला कंपनीच्या अकाउंट्समधून फोन येतो, "अहो, ते चौदा तारखेचं कोईमतूरचं पार्सल, ते कोणी पाठवलं?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं. डॉकेटवर (पार्सलसोबतच्या पावतीवर) पाठवणाऱ्याच्या जागी फक्त कंपनीचं नाव, पिकअपवाला पोरगा म्हणतो गेटवर सिक्युरिटीने हातात दिलं, सिक्युरिटी म्हणतो मला स्टोअरवाल्यांनी दिलं, आणि स्टोअरवाले म्हणतात आमचं नाही. त्या एका अडीचशे रुपयांच्या ओळीपायी अठ्ठेचाळीस हजाराचं अख्खं बिल टेबलावर पडून राहतं.

एमआयडीसी भागात कुरियरची एजन्सी चालवताना हे मी इतक्या वेळा भोगलंय की आता नवीन कंपनीचं खातं उघडताना रेटच्या आधी मी माणसं विचारतो. रेटवरून गिऱ्हाईक जातं ते एकदाच जातं, पण कोणी पाठवलं याच्यावरून भांडण दर महिन्याला होतं. खातं कंपनीच्या नावाचं असतं पण पार्सल माणसं पाठवतात, एचआरवाल्या मॅडम ऑफर लेटर पाठवतात, अकाउंट्सवाले चेक आणि फॉर्म, डिस्पॅचवाले सॅम्पल, मेंटेनन्सवाले बिघडलेली मोटर दुरुस्तीला, आणि साहेब द्राक्षाची पेटी मेहुण्याला (त्याच्याबद्दल पुढे लिहितो). तर हे सगळं एका बिलात बसवायचं कसं ते जसं मी करतो तसं सांगतो, कुरियरचं उदाहरण आहे पण टिफिनवाल्यांना, गाडीवाल्यांना, झेरॉक्सवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी कागद, मग पिकअप

पहिलं पार्सल उचलायच्या आधी तीन गोष्टी हातात पाहिजेत: जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, आणि ज्याच्या सहीने खातं उघडतंय त्या माणसाचं पद. सर्टिफिकेटची झेरॉक्स आली म्हणून फाइलला लावून मोकळं व्हायचं नाही, जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतं, तिथे कंपनीचं कायदेशीर नाव दिसतं, धंद्याचं नाव दिसतं, रजिस्ट्रेशन चालू आहे की रद्द झालंय ते दिसतं आणि रिटर्न कोणत्या तारखांना भरलेत तेही दिसतं. रिटर्नच चार-चार महिने उशिरा भरणारी पार्टी तुमचं बिल वेळेवर देईल अशी आशा मी तरी ठेवत नाही.

नंबर वाचायला शिका. पंधरा अक्षरं असतात, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. म्हणजे कंपनीने दिलेला पॅन आणि जीएसटी नंबर जुळतो का हे बघायला सीए लागत नाही, डोळे लागतात. एकदा एका पार्टीने स्वतःच्या जुन्या भागीदारीचा नंबर दिला होता आणि कंपनी नवीन प्रायव्हेट लिमिटेड, मी तसाच टाकला, चार महिन्यांची बिलं दुरुस्त करत बसलो.

मोठी कंपनी असेल तर त्यांच्याकडे आधी वेंडर म्हणून नोंद व्हावी लागते. फॉर्म भरा, कॅन्सल चेक द्या, पॅन द्या, उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) असेल तर तेही द्या, मग वेंडर कोड मिळतो. आणि पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर) मागा. बऱ्याच ठिकाणी पीओ नंबर नसेल तर बिल सिस्टिमलाच चढत नाही, मग साहेब कितीही ओळखीचे असोत. कुरियरसाठी वर्षभराचा ओपन पीओ काढतात, त्याला एक रक्कम असते आणि एक शेवटची तारीख. ही दोन्ही तुम्ही तुमच्याकडे लिहून ठेवा कारण पीओची रक्कम संपली हे तुम्हाला कोणी कळवत नाही, बिल परत आल्यावरच कळतं. रकमेतले ऐंशी टक्के संपले की मी परचेसला मेल टाकतो.

खाती किती उघडायची?

इथे लोक घोळ घालतात. नियम सोपा ठेवा: जितके जीएसटी नंबर तितकी खाती, आणि एका नंबरखाली जितकी डिपार्टमेंट तितके कोड. डिपार्टमेंटला वेगळं खातं द्यायचं नाही, नाहीतर एका कंपनीची सहा बिलं, सहा पेमेंट, सहा ठिकाणी टीडीएस (पैसे देताना कापून घेतलेला आयकर), आणि उधारी नक्की किती ते कोणालाच कळत नाही.

पण जीएसटी नंबर वेगळा असेल तर खातं वेगळंच. समजा कंपनीचा एक प्लांट नाशिकला आणि एक गोव्यात वेर्णाला. कुरियरच्या सेवेत गिऱ्हाईक रजिस्टर्ड असेल तर ते ज्या राज्यात आहे ते राज्य धरतात, पार्सल कुठे गेलं याला महत्त्व नाही. म्हणजे माझी एजन्सी महाराष्ट्रात, नाशिक प्लांटचं पार्सल दिल्लीला गेलं तरी सीजीएसटी (केंद्राचा) ९ अधिक एसजीएसटी (राज्याचा) ९, आणि वेर्णा प्लांटच्या नंबरवर बिल केलं तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा) १८. दोन्हीकडे १८ टक्केच आहेत, काय फरक पडतो असं वाटेल, पण चुकीच्या नंबरवर चढलं की त्या प्लांटला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही आणि त्यांचे अकाउंट्सवाले बिल फेकून देतात, बरोबरच आहे त्यांचं.

टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) मी संड्री डेटर्सखाली (ज्यांच्याकडून येणं आहे ते) कंपनीच्या नावाचा एक ग्रुप करतो आणि त्या ग्रुपमध्ये प्रत्येक जीएसटी नंबरचं एक लेजर (खातेपान). ग्रुप उघडला की पूर्ण कंपनीची उधारी एका नजरेत, लेजर उघडलं की प्लांटची. लेजर करताना बिल-बाय-बिल (प्रत्येक बिलाची बाकी वेगळी दाखवणं) चालू ठेवायलाच हवं, ते बंद असेल तर पेमेंट कुठल्या बिलाचं आलं ते सहा महिन्यांनी ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. क्रेडिटचे दिवस तिथेच टाका.

आता माणसं

हा भाग सावकाश वाचा.

प्रत्येक कंपनीकडून मी एका पानाची यादी घेतो, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. त्यात चार प्रकारची माणसं असतात. पहिला प्रकार बुकिंग करणारा, म्हणजे जो फोन किंवा व्हॉट्सॲप करून पिकअप बोलावू शकतो. दुसरा मंजुरी देणारा, ठरलेल्या रकमेच्या वरचं पार्सल असेल तर याचं हो लागतं. तिसरा बिल तपासणारा, बहुतेक ॲडमिनमधला. चौथा पैसे सोडणारा, अकाउंट्समधला. छोट्या कंपनीत हे चारही एकच माणूस असतो आणि त्याचं नाव मालक असतं, तरीपण यादी घ्या.

यादीत नाव, डिपार्टमेंट, मोबाइल, ऑफिसचा मेल, एका पार्सलची मर्यादा आणि एअरने पाठवायची परवानगी आहे की फक्त सरफेस (जमिनीवरून), इतकं पाहिजे. हे शेवटचं फार उपयोगी पडतं. मेंटेनन्सच्या पोराने बावीस किलोचा गिअरबॉक्स घाईघाईत एअरने चेन्नईला टाकला तर ते बिल बघून प्लांट हेडचा बीपी वाढणार आणि खापर तुमच्यावर फुटणार, "तुम्ही विचारायला नको होतं का?" यादीत त्या पोराच्या नावापुढे सरफेस लिहिलेलं असेल तर तुमचा पिकअपवालाच थांबवतो.

आणि यादीच्या खाली एक नाव असं पाहिजे की ज्याच्याच मेलवरून नवीन माणूस जोडला किंवा काढला जाईल. फक्त एक. दोन ठेवली की एक जण जोडतो आणि दुसरा म्हणतो मला माहीत नाही.

मग प्रत्येकाला कोड. माझी पद्धत अशी, कंपनीची दोन अक्षरं, डिपार्टमेंटची दोन आणि माणसाचा नंबर. मोठा कोड करू नका, गेटवर उभं राहून पेनने लिहायचा असतो तो. डॉकेटवर पाठवणाऱ्याच्या रकान्यात कंपनीच्या नावाखाली हा कोड आलाच पाहिजे आणि आमच्याकडे नियम आहे की कोड नसेल तर पार्सल गाडीत चढत नाही. पहिले पंधरा दिवस शिव्या बसतात. एका मोठ्या कंपनीच्या स्टोअरच्या साहेबांनी मला सांगितलं होतं की तुम्ही फार नाटकं करता, पण वर्षअखेरीला ऑडिटला त्यांच्याकडेच डिपार्टमेंटप्रमाणे खर्च मागितला आणि तो कागद द्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

सॉफ्टवेअरमध्ये कंपनीला लॉगिन देत असाल तर एकाच आयडी-पासवर्डवर दहा जणांना बसवू नका. प्रत्येकाला सब-युजर करा, बुकिंगवाल्याला फक्त स्वतःची पार्सलं दिसतील, ॲडमिनला सगळी, रेट मात्र बुकिंगवाल्यांना दिसायची गरज नाही. सॉफ्टवेअर नसेल तरी चालतं, डॉकेट बुकंच माणसागणिक वाटा. कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंतचं बुक कोणाला दिलं ते एका वहीत सहीसकट. मग डॉकेटवर कोड लिहायला विसरला तरी नंबरवरून सापडतं, आणि बुक हरवलं तर तेवढे नंबर बंद करता येतात.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा काय होतं? कंपनी त्याचं पंचिंग कार्ड बंद करते, मेल बंद करते, पण कुरियरवाल्याला कोण सांगणार. माझ्याकडे एका माणसाने नोकरी सोडल्यावर अडीच महिने जुन्या कंपनीच्या खात्यावर स्वतःच्या नवीन धंद्याची सॅम्पलं पाठवली, डॉकेट बुक त्याच्याकडेच राहिलं होतं आणि पिकअपला तो गेटबाहेरच उभा राहायचा. साधारण सात हजार गेले, कंपनीने हात वर केले आणि माझ्याकडे त्याला काढल्याचा किंवा न काढल्याचा एकही कागद नव्हता. तेव्हापासून दर तिमाहीला मी यादी परत पाठवतो, "खालीलपैकी कोण नाही ते कळवा, आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर सगळे चालू धरू आणि जबाबदारी तुमची." उत्तर लगेच येतं मग.

एक पानाचं पत्र

करार म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून मी त्याला पत्रच म्हणतो. दोन्हीकडच्या सह्या मात्र हव्यात. त्यात रेट झोनप्रमाणे, फ्युएल सरचार्ज किती आणि कशावर, बिल महिन्याचं, किती दिवसांत पैसे, आणि वजन कसं धरणार.

वजनावरून होणारी भांडणं हा वेगळाच विषय. थर्माकोलची खोकी वजनाला हलकी पण जागा खाते, म्हणून लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये करून ५००० ने भागायचं आणि प्रत्यक्ष वजन आणि हे यातलं जास्त ते लावायचं, अशी एअरची सर्वसाधारण पद्धत. ४० बाय ३० बाय ३० ची खोकी म्हणजे ३६,००० भागिले ५००० म्हणजे ७.२ किलो, आत दोनच किलोचा माल असला तरी. हा भागाकार कोणत्या आकड्याने ते पत्रात लिहा, सरफेसला वेगळा असेल तर तोही लिहा, कारण तुमची वरची कुरियर कंपनी (जिची एजन्सी घेतलीय ती) तुम्हाला ज्या हिशोबाने लावते त्याच हिशोबाने तुम्ही पार्टीला लावलं नाही तर फरक तुमच्या खिशातून जातो.

पत्रात बिल महिन्याचं आणि मुदत वर्षाची हे स्पष्ट लिहायचं अजून एक कारण आहे. सुट्या सेवेचं बिल ३० दिवसांच्या आत काढावं लागतं, पण तीन महिन्यांच्या वर चालणारा आणि ठराविक काळाने पैसे देण्याचा करार असेल तर बिल करारात ठरलेल्या पैसे द्यायच्या तारखेच्या हिशोबाने निघतं. तोंडी ठरलेल्या गोष्टीला कागद नसतो.

उधारीची मर्यादा काढताना एक गणित करा. पार्टीचं महिन्याचं काम ४०,००० चं आणि क्रेडिट ३० दिवसांचं. बिल निघेपर्यंत एक महिना गेला, पैसे येईपर्यंत दुसरा, आणि त्या दुसऱ्या महिन्यात तुम्ही अजून ४०,००० चं काम केलेलं असतं. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी पैसे यायच्या आदल्या दिवशी तुमचे ८०,००० बाहेर असतात, वर जीएसटी. आणि वरची कंपनी तुमच्याकडून आठवड्याला किंवा आगाऊ घेते. जो माणूस मर्यादा ४०,००० ठेवतो त्याची सिस्टिम महिना संपल्यावर लगेच पार्टीला ब्लॉक करते, मग हाताने अनब्लॉक, परत ब्लॉक, शेवटी मर्यादाच काढून टाकतात. दुप्पट-अडीचपट ठेवा पण मग ती पाळा. एवढे पैसे बाहेर ठेवायची ताकद नसेल तर क्रेडिट १५ दिवसांचं करा किंवा पंधरवड्याचं बिल करा, कंपनी मोठी आहे म्हणून भुलून जाऊ नका.

बिल

मी २५ तारखेला कट-ऑफ ठेवतो. २६ ला बिल तपासणाऱ्या माणसाला एक्सेल जाते, अजून बिल नाही, नुसती यादी. तारीख, डॉकेट नंबर, कोड, डिपार्टमेंट, कुठे, वजन, एअर की सरफेस, रक्कम. आक्षेप २८ पर्यंत, फेब्रुवारीत एक दिवस आधी. त्यानंतर बिल निघतं त्याच महिन्याच्या तारखेने. मार्चला मात्र ३१ पर्यंतचं सगळं त्याच वर्षात काढा, कंपन्यांना वर्षाचा खर्च वर्षात लागतो.

आधी यादी पाठवायची ही एकच सवय लावली तरी निम्मं डोकं शांत होतं. कारण बिल निघाल्यावर चूक सापडली तर बिल खोडता येत नाही, क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढावी लागते, ती दोघांच्या रिटर्नला जाते, आणि कंपनीच्या अकाउंट्समध्ये क्रेडिट नोट म्हटलं की परत तीन सह्या.

बिलावर वर एकच सारांश ठेवा, डिपार्टमेंट आणि रक्कम, पाच-सहा ओळी. खाली एकूण, जीएसटी, पीओ नंबर, वेंडर कोड, सॅक कोड ९९६८१२ (जीएसटीतला कुरियर सेवेचा नंबर), आणि उद्यम नंबर. तपशिलाची यादी मागे जोडायची. साहेब सही करताना फक्त पहिलं पान बघतात, तिथे एचआर ६,२०० आणि डिस्पॅच २९,००० असं दिसलं की सही होते. बिल नंबर सोळा अक्षरांच्या वर जाऊ देऊ नका, जीएसटीत चालत नाही, आणि वर्षभर सलग पाहिजे, म्हणून नंबरातच डिपार्टमेंट, कंपनी, महिना सगळं कोंबायचा मोह आवरा. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं, बहुतेक एजन्सीवाले त्याच्या खालीच असतात.

महिन्याने रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत गेलंच पाहिजे. १४ ला कंपनीच्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या त्यांच्या क्रेडिटच्या यादीत) तुमचं बिल दिसलं नाही तर बऱ्याच कंपन्या पेमेंटच अडवून ठेवतात.

पैसे आले, पण कमी आले

११,८०० चं बिल आणि खात्यात ११,७०० जमा, म्हणून फोन करायची घाई करू नका, टीडीएस असणार. कंत्राटावरचा टीडीएस तुम्ही व्यक्ती किंवा एचयूएफ (हिंदू एकत्र कुटुंब) असाल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असाल तर २ टक्के, एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाचं एकूण एक लाखाच्या वर गेलं की. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून मूळ १०,००० वर कापायचा. टॅलीत रिसीट करताना ११,७०० बँकेत आणि १०० टीडीएस मिळणे बाकी या लेजरला, म्हणजे बिल पूर्ण सुटतं. हे शंभर-शंभर तसेच लटकत ठेवले की वर्षाने प्रत्येक बिलाला शेपूट राहतं आणि खरोखर कापलेले पैसे कुठले ते दिसत नाही. आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली ते दिसतायत का तेही तपासा, कापले आणि भरलेच नाहीत असं होतं.

पेमेंट आलं की पैसे सोडणाऱ्याकडून बिल नंबरची यादी मागा. एका रकमेत तीन बिलं आणि एकातला वाद वजा, असं अंदाजाने जुळवत बसलात तर फसाल.

आणि उशीर झाला तर? तुम्ही उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु असाल (कुरियर सेवा आहे म्हणून बसते, नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना हा फायदा नाही) तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे क्रेडिट धरत नाहीत, आणि करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. शिवाय आयकरात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून मुदतीत दिलं नाही आणि वर्ष संपलं तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी देतील त्या वर्षी मिळतो. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते पण तो शेवटचा उपाय, गिऱ्हाईक जातंच त्याने. मी फक्त बिलावर उद्यम नंबर छापतो आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाकी रकमेचं स्टेटमेंट पाठवतो, तेवढ्यावर काम होतं.

द्राक्षाची पेटी

आता साहेबांचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं, श्रावणात राख्या, दिवाळीत फराळ. कंपनीच्या खात्यावर हे चढलं की ऑडिटला कोणीतरी विचारतंच, आणि नाही म्हणायला आपली जीभ रेटत नाही. म्हणून पत्रातच लिहून घ्या की वैयक्तिक पार्सल रोख किंवा यूपीआयने, वेगळ्या बिलावर, कंपनीचा जीएसटी नंबर न टाकता. साहेबांना एखाद्या वेळी फुकट पाठवून द्यायचं असेल तर तुमच्या खर्चाने द्या, पण कंपनीच्या लेजरला नको. द्राक्षाच्या बाबतीत तर मी आधीच हात जोडतो, नासकं पोचलं तर साहेबही गेले आणि साहेबांचा मेहुणाही.

दिवाळीच्या भेटी मात्र कंपनीच पाठवते, दोनशे-तीनशे खोकी एकदम, आणि त्यासाठी मार्केटिंगचा एखादा नवा पोरगा उभा करतात. त्याला कायमचा कोड देऊ नका, पंधरा दिवसांचा द्या, मर्यादा आणि पत्त्यांची एक्सेल आधी मेलवर घ्या, भाऊबीज झाली की कोड बंद.